दीड वीत अंतर

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात लोखंडी स्टँडवर आमचं इंजिन बसवलेलं आहे. त्याच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिन फिरवतं त्या दांड्याच्या, टोकापासून लाकडी पंख्यापर्यंत हात लावून मोजलं तर दीड वीत भरते. गेली साडेतीन वर्षं मी आणि माझा मित्र या दीड वितीतच आहोत. विमानाचे पंख तयार आहेत, शेपूट तयार आहे, ॲल्युमिनियमचा सांगाडा मित्राच्या गावच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवला आहे. लोक विचारतात, इंजिन कुठलं? मग विचारतात, किती हॉर्सपॉवर? मधे काय बसवलंय, हे आजवर एकाच माणसाने विचारलं. माझ्या मामांनी.

मामा बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून निवृत्त झाले. नोकरीतला बहुतेक काळ त्यांनी बसचे गिअरबॉक्स उघडण्यात आणि बांधण्यात घालवला. लहानपणी त्यांच्याबरोबर बसने जायचो तेव्हा ते सीटवर बसल्या बसल्या डोळे मिटून ऐकत असत. बस थांब्यावर उभी असताना खिडक्यांच्या काचा खडखडायच्या आणि निघाली की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, काचाच सैल आहेत. मामा म्हणायचे, "काचा नाही रे. इंजिन हळू फिरतंय ना, म्हणून एकेक धक्का वेगळा लागतोय. वेग घेतला की धक्के एकमेकांत मिसळतात." चाळीस वर्षांनी हेच वाक्य आमच्या विमानाचा सगळ्यात मोठा प्रश्न होऊन समोर येईल, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

विमान बांधायचं मनात आलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. वांद्र्याच्या बीकेसीत 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला होता आणि तिथे कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान ठेवलं होतं. कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. मी आणि मित्र तासभर त्या विमानापाशी उभे होतो. गच्चीवर रिव्हेट मारत बसलेला माणूस डोळ्यांसमोरून जाईना. परतताना कुर्ला स्टेशनपर्यंत दोघेही फारसं बोललो नाही. पुढच्या रविवारी मित्राचा फोन आला, "आपण दोन आसनी बांधू."

नकाशे घेतले ख्रिस हाइन्त्झ यांच्या सीएच ७०१ चे. पंख वर, चाकं जाड, माणसं आणि पेट्रोल धरून एकूण वजन ५०० किलोच्या आसपास. हे विमान वेगासाठी नाही. छोट्याशा पट्टीवरून उठायचं आणि हळू उडायचं, एवढंच त्याचं काम. आणि हळू उडणाऱ्या विमानाला मोठा, हळू फिरणारा पंखा लागतो. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

आमचा पंखा १.७२ मीटर व्यासाचा. त्याच्या टोकाला एका फेरीत ५.४ मीटर अंतर कापावं लागतं. मिनिटाला ५५०० फेऱ्या घेणाऱ्या मोटारीच्या इंजिनाला तो थेट जोडला, तर टोक सेकंदाला ४९५ मीटर वेगाने धावेल. मुंबईच्या ३० अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर. म्हणजे टोक आवाजाच्या कितीतरी पुढे गेलं. अशा वेळी इंजिनाची ताकद हवा मागे ढकलण्यात जात नाही, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात जाते. मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आत ठेवला तर तोच पंखा सव्वादोनशे मीटरवर शांतपणे काम करतो. लाकूड तेच, आकार तोच.

जुन्या विमानांनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला होता. इंजिनच मोठं आणि संथ करायचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांच्या पुस मॉथ विमानाच्या इंजिनाचं नाव होतं जिप्सी. चार सिलिंडर, साडेपाच लिटरहून मोठं, आणि ताकद १२० हॉर्सपॉवर. पंखा थेट क्रँकशाफ्टवर, मधे दात्याचं एक चाकसुद्धा नाही. अमेरिकी कॉन्टिनेन्टल ओ-२०० घ्या, ३.३ लिटर आणि २७५० फेऱ्यांना १०० हॉर्सपॉवर. मोटारीच्या हिशेबाने ही इंजिनं आळशी वाटतात. पण क्रँकशाफ्ट हळू फिरवायचा तर प्रत्येक धक्का मोठा हवा, आणि मोठ्या धक्क्याला मोठा सिलिंडर हवा.

रोटॅक्सने १९८० च्या दशकात दुसरी वाट धरली. त्यांचं ८० हॉर्सपॉवरचं ९१२ इंजिन जेमतेम १.२ लिटरचं आहे. ते ५८०० फेऱ्यांपर्यंत पळतं आणि पुढच्या गिअरबॉक्समध्ये २.२७ ला १ या प्रमाणात वेग उतरवतं. गिअरबॉक्ससकट वजन साठेक किलो. आमच्या विमानाला याहून योग्य इंजिन नाही, हे मी आजही मानतो. ज्याला परवडतं त्याने डोळे झाकून तेच घ्यावं. आम्हा दोघांना ते परवडत नव्हतं. आयात शुल्क, वाहतूक, सुटे भाग असं सगळं कागदावर मांडलं तेव्हा मित्राने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

परदेशात लोक फोक्सवॅगन बीटलचं इंजिन वापरतात, थेट पंखा लावून. ते सडपातळ, वेगवान विमानाला चालतं, कारण तिथे छोटा पंखाही पुरतो. आमच्या जाड पंखाच्या संथ विमानाला नाही. सुबारूची इंजिनंही तिकडे खूप बसवली गेली, पण आपल्याकडच्या भंगार बाजारात सुबारू शोधायचं कुठे? आपल्याकडे जे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, ज्याचा वॉटर पंप रात्री आठ वाजताही मिळतो, असं इंजिन हवं होतं. ते होतं मारुती जिप्सीचं. जी-१३, १२९८ सीसी, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, १६ व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर. जेआरडींच्या विमानातही जिप्सी आणि आमच्याही विमानात जिप्सी. हा निव्वळ नावाचा योगायोग, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

इंजिन कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळालं. दुकानदाराने तीन काढून दाखवली. मामांनी एकाही इंजिनाच्या बाहेरच्या रंगाकडे बघितलं नाही. प्रत्येकाचा क्रँक पुली धरून पुढेमागे ओढला, तेलाची काडी काढून बोटावर तेल घासलं, स्पार्क प्लग काढून उजेडात धरले. तिसरं घ्या म्हणाले. घरी येताना टेम्पोत त्यांनी विचारलं, "आणि मधे काय?"

मी सांगितलं, पट्टा, चेन किंवा गिअर, तिघांपैकी एक. पट्टा साधा असतो, धक्के थोडे पोटात घालतो, पण तो ताणून बसवावा लागतो आणि त्या ताणाने क्रँकचं पुढचं बेअरिंग सतत एका बाजूला ओढलं जातं. चेन मजबूत, पण तेलात बुडवून ठेवावी लागते. गिअर आटोपशीर, पण निर्दय, कारण इंजिनाचा प्रत्येक धक्का तो जसाच्या तसा पुढे देतो. मामा म्हणाले, "गिअर निर्दय नसतो. त्याच्या अलीकडे काय लावलंय, त्यावर सगळं असतं."

हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंनी १९०२ च्या डिसेंबरात मोटार कंपन्यांना पत्रं लिहून हलकं इंजिन मागितलं होतं. कुणाकडूनही मनासारखं मिळालं नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातले चार्ली टेलर यांनी सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन बनवलं. ते सुमारे १२ हॉर्सपॉवर द्यायचं. पंख्यांपर्यंत ताकद नेली सायकलसारख्या चेनने, इंजिनाकडे ८ दाते आणि पंख्याकडे २३. पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत म्हणून एक चेन आठच्या आकड्यासारखी पिळलेली. हे बहुतेकांना माहीत असतं. १९०३ च्या नोव्हेंबरात काय झालं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. समुद्रकाठी इंजिन पहिल्यांदा चालवलं तर ते अडखळत धडधडलं आणि पंख्यांचे पोकळ शाफ्ट पिरगळून खराब झाले. शाफ्ट दुरुस्तीला त्यांच्या गावी डेटनला पाठवले, परत आले तर आता दातेरी चाकं सैल होऊ लागली. सायकलचे टायर चिकटवायच्या सिमेंटने ती पक्की केली. मग एका शाफ्टला चीर गेली. ऑर्व्हिल स्वतः आगगाडीने डेटनला गेला, भरीव स्प्रिंग स्टीलचे शाफ्ट बनवून परतला, आणि १७ डिसेंबरला विमान उडालं. पंख तयार होते, इंजिन तयार होतं, आणि तरी महिना गेला तो इंजिन आणि पंख्याच्या मधल्या नळीपायी. हे वाचलं तेव्हा मला एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

आम्ही गिअर निवडला. साकीनाक्याला एका गाळ्यात हॉबिंग मशीनवर दाते कापून घेतले. इंजिनाकडे २४, पंख्याकडे ५३, म्हणजे प्रमाण २.२१. पोलाद ईएन ३६, वरून केस हार्डनिंग, म्हणजे फक्त वरचा थर कडक करणं, आणि मग ग्राइंडिंग. गिअर कापणाऱ्या काकांनी विचारलं, "सरळ ४८ का नको? हिशेब सोपा." पण २४ आणि ४८ घेतले की इंजिनाचा धक्का दर वेळी त्याच त्या ठरावीक दात्यांवर बसतो आणि तेवढेच दाते झिजतात. ५३ आणि २४ या दोघांनाही भाग जाईल असा एक सोडून दुसरा आकडा नाही, म्हणून प्रत्येक दाता दुसऱ्या चाकाच्या प्रत्येक दात्याला भेटून येतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, पूर्वी मिलच्या मशिनरीचे गिअरही असेच यायचे.

पंख्याकडच्या शाफ्टला अंगठ्याएवढी बेअरिंगं चालत नाहीत. मोटारीत इंजिनाला कुणी पुढे खेचत नाही. इथे पंखा पूर्ण जोरात दीडशे किलोहून जास्त ओढतो, आणि विमानाने नाक वर केलं की फिरता पंखा भोवऱ्यासारखा शाफ्ट आडवा वाकवायला बघतो. म्हणून पुढे टेपर रोलर बेअरिंगांची जोडी बसवली. दोनच गिअर असल्यामुळे फिरण्याची दिशाही उलटली, आणि पंखा डावा घ्यावा लागला.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी चूक केली. वजन वाचवायला इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाचं जड चाक, काढून टाकलं. सात किलो! विमानात सात किलो म्हणजे केवढी मोठी गोष्ट. त्या जागी ॲल्युमिनियमची पातळ चकती, तिच्यात स्प्लाइन, म्हणजे शाफ्टला पकडणाऱ्या उभ्या खाचा, आणि स्प्लाइनमधून गिअरबॉक्सचा छोटा शाफ्ट थेट आत. ना रबर, ना स्प्रिंग. दिसायला इतकं सुबक होतं की मी फोटो काढून मित्रांना पाठवले.

पहिल्या रविवारी इंजिन सुरू झालं. हळू चालताना गिअरबॉक्समधून टकटक येत होती, एखादा डबा चमच्याने वाजवावा तशी. वेग वाढवला. १८०० ते २१०० च्या मधे सगळा स्टँड थरथरू लागला, जमिनीवर ठेवलेला स्पॅनर सरकत सरकत भिंतीला जाऊन लागला. २५०० च्या वर गेलो आणि एकदम शांत. मित्र म्हणाला, मग हळू चालवायचंच नाही. मामा स्टूलवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. लोकलमध्ये बघा, डब्यातली लोंबती हँडलं एका ठरावीक वेगाला सगळी मिळून नाचायला लागतात आणि गाडीने वेग घेतला की स्थिर होतात. गाडीचा हादरा आणि हँडलाची स्वतःची लय जुळली की असं होतं. आमच्या दीड वितीत तेच होत होतं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोन धक्के देतं. १८०० फेऱ्यांना सेकंदाला ६०. एका टोकाला जड पंखा, दुसऱ्या टोकाला क्रँक, आणि मधला शाफ्ट पिळल्या जाणाऱ्या स्प्रिंगसारखा. या जोडणीची स्वतःची लय नेमकी तिथेच येत होती. आणि टकटक? धक्का आला की इंजिन पंख्याला ढकलायचं, धक्का ओसरला की पंखा स्वतःच्या जडपणाने इंजिनाला ओढायचा. दात्यांमधल्या प्लेमधून, म्हणजे मोकळ्या फटीतून, दाता एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला आपटत होता.

सहा तास चालवून आम्ही ते उघडलं. ते दृश्य मी विसरणार नाही. स्प्लाइनच्या खाचांमध्ये विटेच्या रंगाची बारीक भुकटी साचली होती. मला वाटलं, पाणी शिरलं. मामांनी चिमटीत घेतली, अंगठा आणि बोटामध्ये चोळली, आणि बोट माझ्यासमोर धरलं. "गंज नाही हा. हे पोलाद आहे. केसाएवढं पुढेमागे घासतंय, उडालेला कण जळतोय आणि लाल होतोय. सहा तासांत एवढं. साठ तासांत तुझी स्प्लाइन गोल होईल."

"म्हणजे वर असताना..."

"इंजिन छान चालत राहील, पंखा मात्र थांबेल."

त्या रात्री वसईहून परतताना मी दारात उभा होतो. भाईंदरच्या खाडीवर वारा लागला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की मी निवड केली असं समजत होतो ती फक्त इंजिनाची केली होती.

दुसऱ्या फेरीत आम्ही मागून सुरुवात केली. फ्लायव्हील परत आलं, सातही किलोंसकट, कारण धक्का आणि पुढचा धक्का यांच्यामधली पोकळी तेच भरून काढतं. त्याच्या आणि गिअरबॉक्सच्या मधे लवचीक काहीतरी हवं होतं. मोटारीत क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा हेच काम करतात. मामांनी सांगितलं, त्या तुटल्या की बस उभी असताना गिअरबॉक्स खडखडतो आणि ड्रायव्हरने क्लच दाबला की गप्प होतो. नागदेवी स्ट्रीटवर पंपाला लागतं ते टायर कपलिंग बघितलं, पण त्याच्या कॅटलॉगात कमाल फेऱ्या ४५०० दिलेल्या, म्हणून ते सोडलं. शेवटी वाहनांच्या लांब शाफ्टला लागणारी जाड रबराची चकती घेतली, सहा बोल्टची, तीन इकडे आणि तीन तिकडे. रबराने जोडणीची लय इतकी खाली आली की ती आता इंजिन सुरू होतानाच ओलांडली जाते, एक हिसका बसतो आणि संपतं.

राहिला पंखा. रोटॅक्स त्यांच्या ९१२ च्या गिअरबॉक्ससाठी पंख्याच्या जडत्वाला मर्यादा घालून देतात, ६००० किलो-चौरस सेंटिमीटर. म्हणजे गिअर बनवणारा पंख्यालाही हद्द आखून देतो. आम्ही ठरवलं की हद्द आपणही पाळायची. मोजायचं कसं? गाळ्याच्या तुळईला दोन समान दोऱ्या बांधल्या, पंखा आडवा टांगला, थोडा पिळून सोडला. तो संथपणे उजवीकडे-डावीकडे झुलू लागला. मित्र मोबाइलवर वेळ मोजत होता, मी वीस झोके मोजत होतो, गाळ्यातला पंखा आणि दार दोन्ही बंद, वारा नको म्हणून. घामाच्या धारा लागल्या होत्या. वजन, दोऱ्यांची लांबी, त्यांच्यातलं अंतर आणि झोक्याला लागलेला वेळ, एवढ्यावर गणित सुटतं. पहिला तीन पात्यांचा पंखा साडेआठ हजारांवर गेला. दोन पात्यांचा लाकडी सहा हजारांच्या आत आला. तोच लावला.

बाकीच्या गोष्टी कष्टाच्या होत्या, पण डोकं खाणाऱ्या नव्हत्या. विमानाच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, मोटारीला एकच, आणि इंधनाचं इंजेक्शन विजेवर चालतं. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पंप, दोन वेगळ्या वायरिंग. पेट्रोलपंपावर आता वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी वाढलं की पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. मुंबईच्या पावसाळ्यात हे गंभीरपणे घ्यावंच लागतं, म्हणून रबरी नळ्या सगळ्या बदलल्या आणि टाकी कधीही अर्धी ठेवत नाही. सगळं मिळून काट्यावर वजन भरलं १०४ किलो. रोटॅक्सपेक्षा बरंच जास्त. तेवढं सामान कमी न्यावं लागेल आणि तोल सांभाळायला बॅटऱ्या शेपटीकडे सरकवाव्या लागतील. मला हे मान्य आहे. विमानांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएची परवानगी हा पुढचा टप्पा, आणि स्टँडवर शंभर तास झाल्याशिवाय त्या कागदांना हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

पंचवीस तास झाले तेव्हा पुन्हा उघडलं. मामांचे गुडघे आता दुखतात, तरी विरार लोकल पकडून आले. त्यांनी पांढरं फडकं तर्जनीला गुंडाळलं आणि स्प्लाइनच्या एकेका खाचेतून फिरवलं. तेलाचा काळपट डाग, लाल काही नाही. मग गिअर काढले. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, ५३ दात्यांचं चाक डोळ्यांजवळ धरलं आणि खिडकीच्या उजेडात एकेक दाता फिरवत गेले. एके ठिकाणी थांबले. नखाने चाचपलं. मोहरीच्या दाण्याहून लहान एक खड्डा, दात्याच्या कडेजवळ.

"जोडीत थोडं तिरकं बसलंय," ते म्हणाले. "कड जास्त भार घेतेय. केसिंगचं बोअर, बेअरिंग बसतं ते भोक, पुन्हा तपास."

शनिवारी केसिंग बोअरिंगवाल्याकडे दिलं आहे. बुधवारी मिळेल म्हणाला. मामांनी विचारलंय, रविवारी किती वाजता यायचं.